वजनाचं इंजेक्शन आणि पाळीची तारीख

किस्से जमवायचे म्हणून कुणी दवाखाना उघडत नाही. पण अमरावतीत वीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून बसलं, की टेबलावर औषधांच्या सॅम्पलपेक्षा किस्सेच जास्त साचतात! आणि वजन कमी करायची इंजेक्शनं आपल्याकडे पोचल्यापासून तर विचारूच नका. इंजेक्शन घेतात वजनाचं, तक्रार येते पाळीची!

* * *

चांदूर रेल्वेहून एक आई लेकीला घेऊन आली. लग्न दोन महिन्यांवर आणि मुलीची पाळी तीन महिने चुकलेली. लेकीला बाहेर बसवून आई पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. "मॅडम, काई वाईट तर नसन ना?"

टेस्ट निगेटिव्ह! मग मुलीला आत बोलावून विचारलं. मैत्रिणीच्या ओळखीनं, कुठल्याही डॉक्टरला न दाखवता, इंजेक्शन सुरू होतं. भूक मेलेली. दिवसभरात चहा आणि दोन बिस्किटं. इतकी उपासमार झाल्यावर शरीरानं पाळीच बंद करून टाकली होती.

"काहून केलं गं असं?" आईनं विचारलं.

"सासरचे म्हणत होते, पोरगी फोटोत जाड दिसते."

आईनं डोळे पुसले. "त्याईले म्हना, फोटो दुरून काढा!"

* * *

आमच्या शबानाचं बांगड्यांचं दुकान आहे. पीसीओएसमुळे, म्हणजे हार्मोन्सच्या बिघाडामुळे, दोन वर्षं तिला गोळ्या घेतल्याशिवाय पाळी आलीच नव्हती. डॉक्टरच्या देखरेखीखाली इंजेक्शन घेतलं, वजन उतरलं, आणि एक दिवस ती पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर!

रिसेप्शनवरच्या वैशालीनं पेढा तोंडात टाकत विचारलं, "मुलगा का मुलगी?"

भरल्या वेटिंग रूममध्ये शबाना म्हणाली, "महिना आया ना ताई, अपने आप!"

* * *

एका फूलवाल्याचा फोन. "मॅडम, बायकोची पाळी आठ दिवस पुढं गेली. त्या वजनाच्या इंजेक्शनानं का?"

"होऊ शकतं. वजन उतरताना तारीख मागेपुढे होते. तरी एकदा घेऊन या."

पलीकडून हळूच आवाज आला, "मीबी तेच घेऊन राहिलो ना मॅडम. मले तर काई होनार नाई?"

* * *

अकोल्याच्या एक शिक्षिका, वय एकावन्न. "इंजेक्शन सुरू केलं आणि पाळी गेली," म्हणाल्या. पण अंगातून वाफा, घाम, झोप उडालेली, हे सगळं इंजेक्शनच्या आधीपासूनचं. तपासण्या करून मी सांगितलं, "मॅडम, हा मेनोपॉज आहे."

बराच वेळ त्या पर्सची चेन उघडत-लावत बसल्या. मग म्हणाल्या, "फाईलमध्ये मेनोपॉज लिहा. पण घरी मी इंजेक्शनच सांगते. थोडे दिवस!"

* * *

सुनीता परतवाड्याजवळच्या गावची. घरचा भाजीचा मळा. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. पाळी वर्षातून तीनदा. वाढलेली साखर आणि वजन पाहून तिच्या डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं. मी बजावलं होतं, "पाळी सुधारली की दिवस राहू शकतात. इंजेक्शन चालू आहे तोवर जपून."

ती हसली. "अकरा वर्षात नाई राहिले, आता काय राह्यतात!"

पाच महिन्यांनी तिची सासू तरातरा केबिनमध्ये शिरली. मागे भिंत धरत सुनीता.

"मॅडम, त्या इंजेक्शनानं पोरगी मरून राहिली! फोडनीचा वास आला का ओकते. पोटात पानी टिकत नाई. बंद करा ते!"

"बंदच करायचं," मी म्हटलं. मला वेगळीच शंका आली होती. टेस्ट केली, मग सोनोग्राफी. आठ आठवडे!

सुनीता स्क्रीनकडे बघेचना. "मॅडम, मी मागच्या आठवड्यातबी इंजेक्शन घेतलं. बाळाले काई..."

मी तिचा हात धरला. "आजपासून ते बंद. पुढे नीट लक्ष ठेवू. आधी हे ऐक."

बटण दाबलं. खोलीभर ठोके ऐकू यायला लागले.

सासू दोन पावलं पुढे आली. पदरानं सुनेच्या कपाळावरचा घाम टिपला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आवाज वाढवा ना थोडा. बाहेर हिचा सासरा बसला हाय."