मावसाजींच्या अंगणातली धायटी

चांदा जिल्ह्यात पाण्यावाचून जगलेल्या दोनच गोष्टी मी पाहिल्या: एक धायटीचं झुडूप आणि दुसरे आमचे मावसाजी. मावसाजी दिवसाला सतरा कप चहा पीत. पण पाण्याचा पेला पुढे केला की विष दिल्यासारखे बघत. जंगलखात्यात तीस वर्षं नाकेदारी करून ते ब्रह्मपुरीला स्थायिक झाले, तेव्हा गोरा साहेब जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण त्याची गुलाबाची हौस गावात मागे राहिली होती. मावसाजींनी मात्र माळावरून धायटीची वीस रोपं आणून अंगणात दाटीवाटीनं लावली. म्हणत, "गुलाब मंजे दौऱ्यावरचा साहेब. त्याले रोज पाणी, खत, सलाम. अन् ही पाहा! खडकात बसवा, वर्षभर इचारू नका, फागणात लालेलाल!"

आणि ते खरंच होतं. विहिरी तळाला जात, गावभरच्या गुलाबांच्या काटक्या होत, तेव्हा मावसाजींची धायटी बुडापासून शेंड्यापर्यंत पेटलेली असे. सगळ्या तालुक्यातले शिंजीर पक्षी तिथं मध प्यायला जमत. मधमाश्यांच्या गुणगुणीनं मावशीला शेजारणीचं बोलणं ऐकू येत नसे, हे तिचं मोठंच दुःख. एकदा तर म्हणे पहाटे अस्वल आलं, फुलं चोखली आणि जाताना फाटक लावून गेलं. "जंगलातल्याले शिस्त असते," मावसाजी सांगत.

मग एका माघात त्यांच्या मुलीला पाहायला नागपूरची मंडळी यायचं ठरलं. मावशीनं कंबर कसली. "पाव्हणे का आडवे होऊन घुसतीन घरात? तोडा हे रान!"

"धायटीले हात लावशीन तं मी भामरागडले निघून जाईन!"

तीन दिवस घरात बोलणं बंद. चौथ्या दिवशी तह झाला: फाटकाजवळची फक्त दोन तोडायची. तोडायला मावसाजींच्या हाताखालचा जुना मजूर चिन्नाभाऊ यायचा होता. बाकीच्या अठरांतलं एकही चुकून जाऊ नये म्हणून मावसाजींनी डब्यात डांबर कालवलं, अठराही खोडांवर झोकात नंबर घातले आणि मोटार-स्टँडवर पाहुण्यांना आणायला गेले.

परत येऊन पाहतात तो फाटकापाशी दोन झुडपं डौलात उभी आणि पुढे अंगण साफ! अठरा खुंट.

"चिन्ना! हे काऊन केलं रे?"

कुऱ्हाड खाली ठेवून चिन्नाभाऊ म्हणाला, "साहेब, तुमीच तं शिकवलं. नंबर असन ते तोडाचं, नसन त्याले बोट नाई लावाचं. मी कधी चुकलो काय?"

तीस वर्षं जंगलात मावसाजींनी नंबर घातलेलं प्रत्येक झाड तुटलं होतं. हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं; प्रेमाच्या भरात डोकं विसरलं. ते चिन्नाभाऊच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाई बा. तू बरोबर आहेस." पाहुणे खूश झाले. फाटकाच्या दोन बाजूंना काय शोभा केली आहे, म्हणाले. लग्न जुळलं.

मावसाजी मात्र अंगणासमोरच्या ओसरीत बसेनासे झाले. चहा सतरावरून चारवर आला. मावशी मला हळूच म्हणाली, "माह्यापायीच झालं रे."

त्या उन्हाळ्यात विहीर इतकी आटली की बादलीऐवजी तांब्या सोडावा लागे. एका दुपारी मी मावसाजींजवळ आतल्या खोलीत बसलो होतो. अंगणाकडच्या खिडकीतून दिसलं: मावशी लुगड्याचा ओचा खोचून एकेका खुंटापाशी वाकत होती आणि पिण्याच्या पाण्यातली ओंजळ ओंजळ घालत होती. खुंटांच्या बुडाशी तांबूस कोंब कधीच फुटले होते. त्यांना पाणी नकोच होतं. मी हसून मावशीला हाक मारणार, तेवढ्यात मावसाजींनी माझा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "टाकू दे तिले."

आणि खिडकीकडे पाठ करून बराच वेळ चष्मा पुसत बसले.