गूळ कमी पडला

तरुणपणी मी फार शहाणी होते. नणंदेने मुलाची गुळाने तुला केली, तेव्हा भर देवळात मी विचारलं होतं, "देवीले मुंग्या लावता का?" सासूबाईंनी कानाला हात लावले. मी मात्र तुलेतलाच एक खडा तोंडात टाकून हसत होते.

नातू झाला आणि ते हसू सुकलं. बाळाला सारखी हगवण. आतड्यात डोळ्यांना न दिसणारा परजीवी आहे, असं डॉक्टर म्हणाले. औषधाने तो जायचा, औषध थांबलं की चिवट पाहुण्यासारखा परत यायचा. मी पाणी उकळलं, वाटी-चमचे उकळले. मुलगा म्हणाला, "आई, आता मलेच उकळून टाक!" तो हसला, पण बाळ वाळतच चाललं. न्हाऊ घालताना सून त्याच्या बरगड्यांकडे बघायची नाही.

शेवटी कोंढा गावाच्या वाटेवरच्या आमच्या त्याच देवीपुढे उभी राहिले. म्हटलं, "हसले होते ते विसर. लेकराले जगव, गुळाने तोलते." पण ही आपलं कशाला ऐकेल, असंही वाटत होतं. पायरीवर बसून रडू लागले. तेवढ्यात एक अनोळखी बाई गुबगुबीत पोर घेऊन शेजारी टेकली.

"काहून रडून राहिल्या, मावशी?"

मी सगळं सांगितलं.

"माह्या पोराचंबी असंच होतं. किडे मारून काय होते? आंगात लढणारंच कोणी नव्हतं. डॉक्टरले म्हणा, प्रतिकारशक्ती तपासा."

एवढं बोलून ती गेली. पुढे कितीदा शोधलं, पुन्हा दिसली नाही.

डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. बाळाच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं जवळपास नव्हतीच. आता ती दर महिन्याला सलाईनसारखी शिरेतून देतात, आणि त्यांच्या जोडीने औषधही लागू पडलं. बाळाने पहिल्यांदा घट्ट शी केली, त्या दिवशी मी आळीभर पेढे वाटले. कारण ऐकून शेजारणीचा पेढा हातातच राहिला!

परवा बाळाची तुला केली. अंदाजाने भलीमोठी ढेप नेली होती, पण बाळाचं पारडं खालून हललंच नाही. पुजारी म्हणाले, "आजी, गूळ कमी पडला!" भर देवळात मी टाळ्या पिटल्या. शरण जाणं म्हणजे हात बांधून बसणं, असं मी समजत होते. मला तर फक्त माझं शहाणपण खाली ठेवायचं होतं. मग पायरीवरची बाईसुद्धा ऐकू आली.

मुलगा आणखी गूळ आणायला धावला. तोवर नातवाने पारड्यातूनच वाकून ढेपेचा खडा काढला आणि तोंडात टाकला.

मी हात जोडले, "माय, सांभाळून घे. आमचं घराणंच असं."