उन्हाच्या तिरिपीत दिसलेली धूळ

माझी आई गार वाऱ्याच्या भिंती कापायची. शाळेत असं सांगितलं की मुलं हसायची, पण ते शब्दशः खरं होतं. जाड तपकिरी कागदांना चुण्या पाडायच्या, ते एकावर एक चिकटवायचे, राळेसारख्या रसायनात बुडवायचे आणि भट्टीत भाजून कडक करायचे. मग मधाच्या पोळ्यासारखा, आरपार भोकांचा ठोकळा तयार होतो. त्यावरून पाणी सोडलं आणि पंख्याने हवा ओढली की बाहेरची गरम हवा आत गार होऊन येते. त्याला कूलिंग पॅड म्हणतात. हे ठोकळे मापाला कापायच्या विजेच्या करवतीवर आई उभी असायची. उंच, डावखुरी, आणि हसली की शेडचे पत्रे वाजतील अशी. कारखान्यात तिला सगळे करवतबाई म्हणायचे.

संध्याकाळी ती दारात दिसली की मी धावत जाऊन तिच्या पोटात तोंड खुपसायचे. कपडे बोटांना खरखरीत लागायचे आणि त्यांना एक उग्र वास असायचा. माझ्या लेखी तोच आईचा वास.

जेवायची वेळ झाली की माझ्या छातीत शिट्टी वाजायला लागायची. उताणं झोपता यायचं नाही. बाबा मला मांडीवर बसवून पाठ चोळत राहायचे. डॉक्टरांनी औषध दिलं आणि घरात कशाची तरी ॲलर्जी असेल, शोधा, म्हणाले. आम्ही उशा टाकल्या, मांजर शेजारच्या काकूंकडे गेलं. बाबांचं केस कापायचं दुकान होतं, म्हणून त्यांनी सगळा आळ स्वतःवर घेतला. "लोकांचे केस मी अंगावर घेऊन येतो, त्यानेच पोरीला होतंय," असं म्हणत ते घरात पाऊल टाकायच्या आधी अंगणातल्या नळाखाली बसायचे, थंडीत कुडकुडत. शिट्टी काही थांबली नाही. आईच्या कपड्यांचा संशय कुणालाच आला नाही. तिचं काम तर कागदाचं.

एका उन्हाळ्यात भट्टी बिघडली आणि शेड बरेच दिवस बंद राहिली. आई घरीच होती. मी हळूहळू धावायला लागले, जिना चढायला लागले. औषध लागू पडलं असं सगळ्यांना वाटलं. मग शेड सुरू झाली. पहिल्याच संध्याकाळी मी तिला बिलगले आणि ताट वाढेपर्यंत छाती पुन्हा वाजायला लागली. आईने घास खाली ठेवला. स्वतःच्या बाहीकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"आपल्या घरात ते मीच आणते," ती म्हणाली. बाबा काहीतरी बोलायला गेले, तिने हातानेच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला अंगणात, बंद खिडकीच्या काचेबाहेर उभं केलं. आत खोलीत अंधार होता. काचेच्या आतली लाकडी झडप जराशी उघडी होती आणि तिच्यातून उन्हाची एक तिरीप तिरकी आत आली होती. नाकातोंडाला ओला टॉवेल बांधून आईने आदल्या दिवशीचा कामाचा सदरा त्या उजेडात धरला आणि त्यावर एकच थाप मारली.

तो क्षण आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. रिकामी वाटणारी खोली भरून गेली. सोनेरी कणांचा लोट उठला, वळला, आढ्याला जाऊन भिडला. आई पुतळ्यासारखी उभी होती. मी वाट बघत होते की आता ते खाली बसेल. ते बसेचना.

ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "आई, ते खाली कधी येणार?"

"येईल गं सावकाश," ती म्हणाली. "पण तोवर आपण श्वास थोडाच धरून ठेवणार?"

त्या दिवशी ती थेट मालकांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. मालक माणूस वाईट नव्हता, फक्त घाईतला होता.

"बाई, कागदच तर आहे," ते म्हणाले. "कागदाने काय होतंय?"

"नुसता कागद पाण्यात विरघळतो, मालक. हा विरघळू नये म्हणून आपणच त्याला रसायन पाजतो. पाण्यात जो विरघळत नाही, तो माझ्या पोरीच्या छातीत विरघळेल?"

जेवायच्या सुट्टीत शेडमध्ये या, असं ती त्यांना सांगून आली. दुपारी छताच्या फुटक्या पत्र्यातून ऊन शेडमध्ये उतरलं, तेव्हा आईने दिवे बंद करायला लावले आणि कागद चिकटवण्याच्या कामावरच्या दाढीवाल्या काकांना सांगितलं, "रोज झटकता तसे हवेच्या पाइपाने कपडे झटका." काकांनी पाइप लावला. मालकांच्या एका हातात जेवणाचा डबा होता, उघडाच. त्यांनी वर पाहिलं, डब्यात पाहिलं आणि झाकण लावून टाकलं.

"हे रोज असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"रोज. आज दिसलं एवढंच."

यानंतर एका दिवसात सगळं बदललं असं नाही. करवतीच्या तोंडाशी धूळ ओढून घेणारा पाइप बसायला दोन ऋतू गेले. पण हवेने झटकणं त्याच दिवशी बंद झालं. कोरडा झाडू गेला, त्याच्या जागी ओली फडकी आली. जेवण बाहेर पडवीत हलवलं. भट्टीजवळ धुळीचा थर साचू द्यायचा नाही, कारण ती ठिणगीनेही पेट घेते, हे सगळ्यांना बजावलं गेलं. कामाचे कपडे शेडमध्येच धुवायचे, आंघोळ तिथेच करायची, मग घरी.

तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही म्हणून नाकाशी घट्ट बसणारे मास्क आले आणि खरा दंगा तिथे झाला. दाढीवर मास्क बसेना, कडेने हवा शिरायची. दाढीवाले काका म्हणाले, "ही दाढी माझ्या लग्नाआधीची आहे. बायकोने मला बिनदाढीचा पाहिलेलाच नाही!"

आईने बाबांना वस्तऱ्यासकट बोलावलं. पडवीत खुर्ची मांडली. सगळे कामगार गोल करून उभे. बाबांनी काकांच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि गंभीर तोंडाने विचारलं, "वहिनींना निरोप पाठवलाय ना? नाहीतर आज घरात घ्यायच्या नाहीत." काका डोळे मिटून बसले. दाढी उतरली तेव्हा खालून एक गुबगुबीत, लहान मुलासारखा चेहरा निघाला. आई इतकी हसली की तिला खोकला आला. तो कोरडा खोकला तिला पुढेही राहिला, थोडा उशीरच झाला होता. मी मात्र सुधारत गेले. पूर्ण बरी नाही, दम्याचा पंप आजही पिशवीत असतो. पण त्या वर्षी मी शाळेच्या शर्यतीत धावले. शेवटून दुसरी आले आणि बाबांनी दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं.

मी मोठ्या वर्गात असताना भाजीची रोपं वाढवणाऱ्या एका मोठ्या काचघरातून आईला बोलावणं आलं. तिथले ठोकळे बदलायचे होते, एका कोपऱ्यात माप चुकत होतं. सुट्टी होती म्हणून तिने मला बरोबर नेलं. बाहेर ऊन असं की चपलेतून चटके बसत होते. तिथला मिस्त्री ठोकळा आतच, रोपांमध्ये बसून कापायला निघाला होता. आईने त्याला उठवून मोकळ्यावर, वाऱ्याकडे पाठ करून बसवलं, मास्क दिला आणि मला लांब उभं केलं. ठोकळे बसल्यावर ती म्हणाली, "पहिलं पाणी चहासारखं निघेल. ते रोपांना घालू नका, सोडून द्या. स्वच्छ यायला लागलं की मग पंखे लावा."

पाणी स्वच्छ यायला वेळ लागला. मग पलीकडच्या टोकाचे पंखे घरघरत सुरू झाले आणि आम्ही आत गेलो.

भिंतभर तपकिरी पोळं ओलं होऊन काळसर चमकत होतं. हजारो भोकांतून वारा येत होता, झऱ्याकाठी येतो तसा. बाहेरची तीच भाजणारी हवा हाताएवढ्या जाडीच्या कागदातून येताना काहीतरी वेगळीच होत होती. हजारो इवली रोपं एकाच वेळी हलत होती. मी हात पुढे केला तर अंगावर काटा आला.

आईकडे पाहिलं तर ती भिंतीसमोरच थांबली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आयुष्यभर तिने हे ठोकळे कापले, पण चालू भिंत ती आज पहिल्यांदाच बघत होती. तिने दोन्ही तळवे त्या ओल्या जाळीसमोर धरले, चेहरा पुढे नेला, डोळे मिटले. कानाजवळचे पांढरे केस मागे उडत होते.

"हे असं होतं?" ती मिस्त्रीला म्हणाली. "एवढ्याशा कागदाने?"

"तुम्हीच तर बनवता, बाई," तो हसून म्हणाला.

"बनवते हो. पण असं होतं हे मला कुणी सांगितलंच नाही." थोड्या वेळाने तिने विचारलं, "एकदा बंद करून परत लावाल का? सुरू होताना बघायचंय मला."

त्याने पंखे बंद केले. रोपं स्थिर झाली, उकाडा दाटला. मग त्याने पुन्हा कळ दाबली, आणि आईने माझं मनगट घट्ट धरलं.