वत्सलाचेचींचा आवाज

वत्सलाचेची टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून टीव्ही बघायच्या. आम्ही टोकियोजवळच्या उरायासुला राहायला आलो त्याच आठवड्यात मी शेजारच्या दारात कढीपत्ता मागायला गेले, तेव्हा त्या सोफ्याच्या कडेवर ताठ बसून जपानी संसदेचं कामकाज बघत होत्या. पडद्यावर करड्या सुटातले एक खासदार तावातावाने बोलत होते आणि त्यांचे ओठ हलतील तसतशा चेची मल्याळममध्ये बोलत होत्या. ते थांबले की या थांबत. ते खाकरले, तेव्हा याही खाकरल्या. मला बघून त्या जराही ओशाळल्या नाहीत. "बसा," हिंदीत म्हणाल्या, "यांचं आता संपेलच."

"काय म्हणत होते ते?" मी विचारलं.

"मला जपानी कुठे एवढं येतं? ते तांदळाच्या भावाबद्दल बोलत असतील. माझ्याकडे मात्र ते जावयाची तक्रार करत होते."

चेची म्हणजे मल्याळममध्ये थोरली बहीण. आमच्या इमारतीतली सगळी भारतीय मंडळी त्यांना चेचीच म्हणत. लग्नाआधी सात वर्षं त्या कोचीला डबिंग करत होत्या. मुंबईहून आलेल्या, मल्याळम न येणाऱ्या नट्या पडद्यावर रडत, हसत, भांडत, तो आवाज चेचींचा असे. मग लग्न झालं, नवरा टोकियोतल्या एका बँकेच्या संगणक विभागात होता, आणि त्या इकडे आल्या. "कुणी सोडायला लावलं नाही हो," त्या सांगायच्या. "इथून कोचीला आवाज पोहोचत नाही, एवढंच." गोपीनाथन, म्हणजे त्यांचे यजमान, फार कमी बोलत. मुलगी मीनू इथेच जन्मलेली. आई मल्याळममध्ये विचारायची, मीनू जपानीत उत्तर द्यायची, तेही फोनवरून नजर न उचलता.

दोन वर्षांत चेची माझ्याकडून मराठी शिकल्या. वही नाही, पुस्तक नाही, फक्त कानाने. आधी वाक्य जसंच्या तसं म्हणायच्या आणि मग त्याचा अर्थ विचारायच्या. त्यांचे उच्चार असे की माझ्या आईला फोनवर त्या सदाशिव पेठेतल्या वाटल्या.

मला इथे नोकरी लागली तीही त्यांच्यामुळे. मुलाखतीची जपानी उत्तरं मला तोंडपाठ होती, पण बोलायला लागलं की सगळी एका दमात घाईघाईने म्हणून टाकायचे. चेचींनी मला आठवडाभर रोज सकाळी खुर्चीत बसवलं. जपानीतली माझी एकही चूक त्यांनी काढली नाही. पोटावर हात ठेवून म्हणायच्या, "आधी श्वास, मग शब्द. घाई शब्दाला असते, श्वासाला नसते." डबिंगबद्दल विचारलं की त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "ओठ दुसऱ्याचे, पोट आपलं." मुलाखतीच्या दिवशी मी स्टेशनच्या जिन्यावर थांबून तीन श्वास घेतले आणि मग गाडीत चढले.

तीन वर्षांपूर्वी त्यांना कोचीहून फोन आला. एक प्रचंड खर्चाचा राजकीय थरारपट तयार होत होता. त्याचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. मुख्यमंत्र्यांचा खून होतो, वारसाहक्कावरून पक्ष फुटायला येतो, आणि अखेर सगळी सूत्रं अर्थमंत्री असलेल्या एका बाईच्या हातात होती हे उघड होतं. विधानसभेचा अख्खा सेट उभारला होता म्हणे. त्या मंत्रीणबाईंचं काम करणारी नटी मुंबईची होती. चेचींच्या जुन्या ओळखीचा एक सहायक दिग्दर्शक तिथे होता, त्याला यांचा आवाज आठवला.

त्या नऊ दिवसांसाठी कोचीला गेल्या. मीनू आमच्याकडे राहिली. त्या नऊ दिवसांत तिने आईबद्दल एकदाही विचारलं नाही, आणि मला तिचा थोडा रागच आला. चेची परतल्या त्या बसलेला घसा आणि केळ्याचे वेफर्स घेऊन. स्वयंपाकघरात उभ्या राहूनच त्यांनी मला सांगितलं, "चार मिनिटांचं भाषण आहे, चित्रा. विधानसभेत. तिच्यावर खुनाचा आरोप आहे आणि ती आवाज चढवत नाही, उतरवत नेते. शेवटचं वाक्य तर नुसता श्वास आहे. ते झाल्यावर रेकॉर्डिंगवाल्याने कानावरचे हेडफोन काढले आणि म्हणाला, इतकी वर्षं कुठे होतात?" हे सांगताना त्यांचा चेहरा कॉलेजातल्या मुलीसारखा झाला होता.

सिनेमा लागायला वर्ष गेलं. टोकियोतल्या मल्याळी मंडळींनी एका रविवारी सकाळी थिएटर भाड्याने घेऊन खेळ ठरवला. चेचींनी आमच्या इमारतीतल्या घराघरात जाऊन सगळ्यांना तयार केलं. मराठी, गुजराती, तमिळ, जवळजवळ चाळीस माणसं. त्यांनी मोतिया रंगाची, सोनेरी काठाची साडी नेसली होती. मी त्यांच्या डावीकडे बसले होते, मीनू उजवीकडे.

मंत्रीणबाई मध्यंतराच्या थोडं आधी येते. ती बोलायला लागली आणि चेचींचा हात माझ्या मनगटावर आला. मला वाटलं, आनंदाने धरला असेल. मला मल्याळम येत नाही, आवाज जड होता, मोठ्या पडद्यावर सगळेच आवाज निराळे वाटतात. मी त्यांच्याकडे बघून हसलेसुद्धा. तेवढ्यात मीनू आईकडे वळून जपानीत म्हणाली, "ममा, हा तुझा आवाज नाहीये."

भाषणाचा प्रसंग आला तेव्हा मी पडद्याकडे बघितलंच नाही, त्यांच्याकडे बघत होते. त्या अंधारात एकेक शब्द ओठांनी म्हणत होत्या, आवाज न काढता, जिथे जसा घेतला होता तसा श्वास घेत. मीनूने आपलं डोकं त्यांच्या दंडाला टेकवलं होतं.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी त्यांना गराडा घातला. तिसऱ्या मजल्यावरचे देशपांडे म्हणाले, "चेची, काय आवाज लावलाय! अंगावर काटा आला." चेचींनी हात जोडले. "तुम्ही सगळे एवढ्या लांब आलात," एवढंच म्हणाल्या. मल्याळी मंडळींना कळलं होतं. ती थोडी दूर उभी राहिली. परतीच्या गाडीत गोपीनाथन चेचींची पर्स छातीशी धरून बसले होते.

मी नंतर विचारलं, "तिथेच सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगू? त्या माणसांनी रविवार माझ्यासाठी दिला. रिकाम्या हाताने पाठवू?"

चार दिवसांनी त्या सहायकाचा मेसेज आला. शेवटच्या क्षणी निर्मात्यांना जास्त भारदस्त आवाज हवा होता, एका नामवंत नटीकडून करून घेतलं, तुम्हाला कळवायचं विसरूनच गेलो, माफ करा. चेचींनी तो मला वाचून दाखवला. "आवाज बदलला, हे मला समजतं, चित्रा. तो धंदाच आहे. मीसुद्धा कुणाकुणाच्या जागी बोलले असेन. पण विसरले?" त्यानंतर बराच वेळ त्या ओट्यावरचं पाणी पुसत राहिल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचा आवाज फुटलेला ऐकला.

पुढे त्या टीव्ही इतरांसारखा, आवाज ठेवून बघू लागल्या. ते मला बघवायचं नाही. पुढच्या वसंतात गोपीनाथनांनी नोकरी बदलली आणि ते सगळे त्रिशूरला परत गेले. विमानतळाच्या बसपाशी मी रडले. चेची माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "फोन आहे ना." मी फोन करायचेही, आधी दर रविवारी, मग जमेल तसा.

या मे महिन्यात मीनूचा मेसेज आला. मेंदूत रक्तस्राव झाला, सकाळी, दोन तासांत सगळं संपलं. चेची एक्कावन्न वर्षांच्या होत्या.

पंधरा दिवसांनी मीनूने फोन केला. "चित्रा आंटी, तुमच्याकडे अम्माचा आवाज आहे का?" ती इंग्रजीत म्हणाली. घरातल्या व्हिडिओंत चेची नेहमी कॅमेऱ्यामागे असत आणि त्यात मीनूच बोलत असे. बाबांचा जुना फोन हरवला होता. जुने सिनेमे होते, पण "त्यात ती दुसरीच कुणीतरी असते," मीनू म्हणाली. "मला आमची अम्मा हवी आहे."

मीही मध्ये फोन बदलला होता. दोन दिवस शोधल्यावर इमारतीच्या ग्रुपवर चुकून टाकलेला त्यांचा एकच निरोप सापडला. अकरा सेकंदांचा, मराठीत. मी तो मीनूला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"काय म्हणतेय ती?" तिने विचारलं.

मी अर्थ सांगितला. "म्हणतेय, चित्रा, वारं सुटलंय. तुझे गॅलरीतले कपडे उडतील. तू ऑफिसातून लवकर येतेस ना?"

"मग तुम्ही लवकर आलात?"

"नाही," मी म्हणाले. "त्या दिवशी मला फार उशीर झाला. आमची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. मी घरी आले तर सगळे कपडे आत आणलेले होते, घड्या घालून खुर्चीवर ठेवलेले."