ठेव मोडायची नाही

आमच्या घरात वस्तू महाग की स्वस्त हे दुधावर ठरायचं. पारनेर तालुक्यातलं गाव, रस्त्याकडेला थोडी जमीन आणि गोठ्यात गायी. सकाळ-संध्याकाळ किटल्या भरून दूध डेअरीला जायचं आणि घरात आम्ही कोरा चहा प्यायचो. दुधाचा चहा फक्त पाहुण्यांना. मी नवी चप्पल घ्यायची म्हटलं की मालक विचारायचे, "किती लिटराची?" एकदा नगरला हॉटेलात डोसा खाल्ला, तर परतताना एसटीत ते मला म्हणाले, "आपुन दोघांनी मिळून आज गायीची सकाळची धार खाल्ली." मी हसले. पण दुसऱ्या दिवशी धार काढायला बसले तेव्हा मला त्या गायीकडे बघवेना.

मग महामार्ग रुंद करायला जमीन गेली आणि पैसे आले. थोडे मुलाच्या पुण्यातल्या घराला दिले, बाकीचे मालकांनी बँकेत ठेवले आणि ठेवीची पावती देव्हाऱ्यात ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं. दिवाळीला ठेव सुटणार होती. तोवर तिला हात लावायचा नाही असं ठरलं, म्हणजे त्यांनी ठरवलं. श्रीमंत झाल्यावर आमच्यात फरक पडला तो एवढाच. आधी आम्ही पैसे नाहीत म्हणायचो, आता पैसे ठेवीत आहेत म्हणायला लागलो.

श्रावणात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. नगरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून स्पष्ट सांगितलं, शिरा तुंबल्यात, ऑपरेशन लवकर करून घ्या, थांबू नका. घरी येताना मालकांनी एकच गोष्ट विचारली, आणि ती डॉक्टरांना नाही, बँकेत. ठेव आता मोडली तर व्याज किती बुडेल?

मी भांडले. मुलगा पुण्याहून आला, म्हणाला, मी भरतो पैसे. तर म्हणाले, "तुझे हप्ते हायेत घराचे. न्हाई घ्यायचे मला." मी म्हटलं, "मग ठेव मोडा. कशाला ठेवलीय ती?" तर माझ्यावरच चिडले. "दिवाळीला सुटतीय की. दोन-अडीच महिन्यांनी काय हुतंय? तवर मरत न्हाई मी." आयुष्यभर ज्या माणसाने थेंब सांडू दिला नाही, त्याला व्याज सांडायला लावणं माझ्याच्याने झालं नाही. जेवण सोडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. ते शांतपणे गोळ्या घेत राहिले आणि दिवाळीची वाट बघत राहिले.

बाजरीची काढणी चालू असताना एका सकाळी ते गोठ्यात गेले. धार काढून झाली होती. किटली भिंतीला नीट टेकवून ठेवली होती, झाकणही लावलं होतं. शेजारीच ते पडले होते. नासायला नको म्हणून त्या दिवशीचं दूध शेजाऱ्यांनी डेअरीला घातलं.

मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, येईल. आलं नाही. बँकेत गेले तेव्हा तिथला तरुण कारकून हळू आवाजात म्हणाला, "काकू, ठेवीदार वारला असेल तर ठेव मोडायला दंड लागत नाही." त्याने चांगल्या मनाने सांगितलं. मी सही केली.

गायी विकल्या. मग मी खर्च करायला लागले. फ्रीज घेतला, पलंग घेतला, एसी बसवला. दुकानदार भाव सांगतो, मी पैसे देते, घासाघीस करत नाही. पूर्वी साधी साडी घेतली तरी रात्रभर लिटरांचा हिशेब करत पडायचे, आता काहीच होत नाही. मुलगा मोबाईलवर कसले कसले व्हिडिओ बघतो, पैसा मोकळेपणाने कसा वापरावा, स्वतःवर खर्च करताना अपराधी कसं वाटून घेऊ नये. म्हणतो, "आई, तुला जमलं बघ." जमलं कसलं डोंबल. दात काढायच्या आधी हिरडीत सुई देतात, तसं झालंय नुसतं.

परवा त्याच्याच आग्रहावरून नगरला जाऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. दवाखाना तोच, डॉक्टरही तेच. त्यांनी मला ओळखलं नाही, मीही ओळख दिली नाही. कागद चाळून ते खूश झाले.

"थोडं बीपी आहे, गोळीवर भागेल. पण वेळेवर आलात हे फार चांगलं केलंत, काकू. खर्चाला घाबरून लोक येतच नाहीत."

मी हो म्हणाले, पैसे भरले आणि बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. आणि मला राग आला. डॉक्टरांचा नाही, बँकेचा नाही, मालकांचा. इतके महिने हा राग कुठे दडला होता कोण जाणे. येणारे-जाणारे बघत होते, तरी मी मोठ्याने बोलले.

"आवं, एवढंच हुतं की. गाडीत बसायचं आन् हितं उतरायचं."