धाकटीचा स्टेथोस्कोप

ताई शिकवणीच्या वर्गात जीवशास्त्र शिकवायची. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा तिची दोनदा हुकली. मग धाकट्या बहिणीकडून तिनंच सगळं घोकून घेतलं, आणि बाईसाहेब पहिल्या फटक्यात पास! आता धाकटी डॉक्टर. मावशीचे गुडघे, काकांचा खोकला, सगळी वरात तिच्याच दारात. ताईला कुणी साधी शिंकसुद्धा दाखवेना. तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

परवा धाकटी आंघोळीला गेली, तशी ताईनं खुर्चीवरचा स्टेथोस्कोप उचलून कानात घातला आणि स्वतःच्या छातीला लावला. हृदयाच्या झडपा तिला झोपेतही पाठ होत्या, पण ऐकू काही येईना.

"मेला, हासुद्धा तिचंच ऐकतो!" ती पुटपुटली.

तेवढ्यात ओले केस पुसत धाकटी मागे येऊन उभी राहिली. तिनं तो हळूच काढला, फिरवला आणि पुन्हा ताईच्या कानात बसवला.

"उलटा घातला होतास गं. कानातली टोकं पुढच्या बाजूला वळलेली हवीत. आता येतंय ऐकू?"

धडधड, धडधड. काळीज ताईचं स्वतःचं, आणि ते ऐकवायलाही हीच लागली!

"छे," ताई म्हणाली, "बिघडलाय तुझा."