बावड्यातली बाई

हे मी कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवासमोरसुद्धा नाही — देवासमोर मी धंद्याचं बोलतो, बाकी काही नाही. तुम्हाला वाटेल, भांडी विकणारा माणूस, याच्या पोटात असून असून काय असणार? डाग देऊन सांधलेलं एखादं पातेलं नवं म्हणून खपवलं असेल. तसलं पुष्कळ आहे. त्याची मला कधी लाजही वाटली नाही. हे निराळं आहे.

पण आधी राग सांगतो. तो सांगितल्याशिवाय पुढचं तोंडातून निघणार नाही. आणि राग अजून गेलेला नाही, हेही खरंच.

मी शून्यातून वर आलेला माणूस. मलकापूरच्या बाजाराला, गडहिंग्लजच्या बाजाराला एसटीच्या टपावर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी टाकून जायचो आणि रस्त्यावर पोतं पसरून विकायचो. तिथून कोल्हापुरात स्वतःचं दुकान केलं. वडिलांचं काही नाही, सासऱ्याचं काही नाही. घासाघीस हीच माझी शाळा. गिऱ्हाईक कुठल्या शब्दाला वितळतं, कुठल्या शब्दाला उठून जातं आणि कितव्या पायरीवरून परत फिरतं, हे मला त्याच्या चपलांवरून कळायचं. आणि माझा राग — तो सगळ्या पेठेला माहीत होता. वजनाचा काटा मी एकदा रस्त्यात फेकलाय.

सत्तर साल उलटून गेलं होतं. मोठ्या लग्नांत कॉफीचं मशीन यायला लागलं होतं. आमचं गाव दुधाचं; म्हशीखालची धार थेट पेल्यात घेऊन पिणारी माणसं. कॉफी म्हणजे उपासाला नाहीतर तापात. पण त्या मशीननं वाफ सोडली, दुधाला फेस आणला, वर चॉकलेटची पूड भुरभुरली, आणि बायका जेवणाची पंगत सोडून कॉफीच्या रांगेत उभ्या राहिल्या. मग दुकानात येऊन विचारायला लागल्या : घरात ठेवण्याजोगं लहान मिळतं का हो?

मी मुंबईहून चार आणली. चकचकीत. पुढं वाफेचा दाब दाखवणारा काटा, दोन तोट्या, एक दांडा. आधी कुठली तोटी, मग कुठली, काटा कुठवर आला की थांबायचं, हे ज्याला ठाऊक नाही त्याचं दूध भिंतीवर. दोन विकली. दोन्ही परत आली, एक तर दुधाच्या वासासकट.

तेव्हा मी त्यातलं एक उचललं आणि उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रीच्या शेडमध्ये नेलं. पितळ कातण्यात त्याच्यासारखा हात नव्हता. म्हटलं, हे खोल आणि आपल्या बायकांना जमेल असं कर.

त्यानं केलं. पितळेचं, गोल पोटाचं, स्टोवर ठेवायचं. खाली पाणी, वरच्या वाटीत कॉफीची पूड, एकच तोटी. काटा काढून टाकला आणि त्या जागी शिट्टी बसवली. म्हणाला, "काटा कोण बघत बसणार? भाजी निवडता निवडता कानानं कळाय पायजे." शिट्टी झाली की स्टो बंद करायचा, तोटी सोडायची. संपलं. पहिलं मशीन त्यानं आपल्या आईपुढं ठेवलं. म्हातारीनं जन्मात कॉफी पाहिली नव्हती. तिनं ती केली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "जमलं की रं. पर असलं कडू पित्यात कशाला?"

नवख्या माणसासाठी यापेक्षा सोपं मशीन तेव्हा कुठं असेल असं मला वाटत नाही. हे ध्यानात ठेवा. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता राग. मशीन मुंबईचं मी आणलं, गिऱ्हाईक माझं, बायकांना काय हवं हे मी सांगितलं. मग मला दर निराळा नको? त्यानं मला तोच दर सांगितला जो रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही पावण्याला सांगितला असता. मी सगळं करून पाहिलं. हसलो, रुसलो, ओरडलो, उठून दारापर्यंत गेलो. तो कानस घासत होता. मान वर न करता म्हणाला, "शेट, तुमी गेलासा तरी दर त्योच आन बसलासा तरी त्योच. बसा, च्या पिऊन जावा." शेडमधली माणसं फिदीफिदी हसली. चहा मी प्यायलो. दर त्याचाच राहिला.

ते गिळलं असतं. पण एकदा तो माझ्या दुकानात आला, काउंटरवर नमुन्याला ठेवलेल्या मशीनचं रबर बदलायला. मी एका बाईबरोबर रंगात आलो होतो. सांगत होतो की पोरांची शपथ, पदरचं घालून देतोय. आणि हा खाली बसल्या बसल्या बोलला, "काय शेट! माझ्याकडनं तर निम्म्यात घेतासा की!"

ती बाई हसली. मागचं गिऱ्हाईक हसलं. माझा नोकर तोंड फिरवून हसला. तोही हसला. मुद्दाम बोलला, की सहज? मी आजवर ठरवू शकलेलो नाही. पण बाजारातल्या माणसाची अब्रू म्हणजे त्याचा शब्द. तो माणूस रबर बदलून, हात पुसून निघून गेला आणि मी दिवसभर कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

आता येतो तिथं. येतोच आहे.

काही दिवसांनी ताराबाई पार्कातली एक शिक्षिका आली. चष्मा, हातात छत्री, आवाज मऊ. म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही हो. चहापलीकडं कधी गेले नाही. नवख्या हाताला जमेल असं द्या. आणि मी जरा भित्री आहे." काउंटरवर दोन्ही मशीनं होती — मुंबईचं आणि पितळेचं. "या दोन्हींतलं कुठलं घेऊ?"

माझा हात पितळेच्या मशीनकडंच गेला होता. अगदी गेला होता. आणि ते हसणं कानात वाजलं.

"हे नको, बाई," मी म्हणालो. "परवा बावड्यात एक फुटलं. घरातल्या बाईचा हात भाजला."

"अगबाई! कुठला हात?"

"उजवा."

कसबा बावड्यात काही फुटलं नव्हतं. कुठल्याच गावात फुटलं नव्हतं. ती बाईच नव्हती. मग मी उजवा का म्हणालो? विचारलं म्हणून. गिऱ्हाईकानं विचारलं की मला उत्तर देता येतं, ही माझी ख्याती. शिक्षिकेनं डोळे मिटले, "बिचारी, जेवत कशी असेल," म्हणाली, आणि मुंबईचं मशीन घेऊन गेली. घासाघीससुद्धा केली नाही.

एवढंच असतं, तर रागाच्या भरातलं म्हणून मी ते मागं टाकलं असतं. पण त्या काळात लोक कुकरलासुद्धा भ्यायचे; शिट्टी झाली की दाराआड जाणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तशा गावात हे बोलणं टाकणं म्हणजे सुक्या पाचटात काडी. आठ दिवसांत ते माझ्याकडंच परत आलं. दूधवाला सांगत होता, "ऐकलासा का शेट? बावड्यात मिस्त्रीचं मशीन उडालं. बाईचा हात तर गेलाच, डोळाबी गेला म्हणं."

मी म्हणालो, "व्हय?"

आणि मग दस्तगीर आला. दुकानाच्या पायरीखालीच उभा राहिला, वर चढला नाही. टोपी हातात. मला वाटलं, भांडायला आला. मी तयार होतो — भांडणात मी कधी हरलेलो नाही. तो हळू बोलला.

"शेट, त्या बाईचं घर सांगा. बावड्यात मी स्वतः इकलेली सगळी मशीनं बघून आलो. धड हायत. म्हंजे त्ये तुमच्या दुकानातनं गेल्यालं असणार. डाग कच्चा राहिला असंल माझ्याकडनं. मला तिच्या पायावर डोकं ठेवाय पायजे."

तुम्हीच सांगा, काय लागलं असतं? एक वाक्य. दुकानात गिऱ्हाईकसुद्धा नव्हतं. 'मिस्त्री, मी खोटं बोललो.' तो मला शिव्या देता, कदाचित कानाखाली वाजवता, आणि दुसऱ्या दिवशी लेथवर बसता. पण तो माझ्यापुढं वाकून उभा होता. एकच दर सांगणारा माणूस. आणि मला — हेही सांगून टाकतो — मला बरं वाटत होतं.

"ती माणसं बावड्यात नाहीत आता," मी म्हणालो. "बाईचं माहेर गडहिंग्लजकडं. तिकडं नेलंय."

गडहिंग्लज का? कारण तो रस्ता माझ्या पायाखालचा. खोटंही माणूस ओळखीच्या वाटेनंच नेतो. पहिलं खोटं रागातलं होतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. दुसरं थंड डोक्यानं सांगितलं. त्याला नाव नाही माझ्याकडं.

तो गेला. एसटीनं. बाजारात विचारलं, दवाखान्यात विचारलं, स्टँडवरच्या टांगेवाल्यांना विचारलं : हात भाजलेली बाई, कोल्हापुराकडनं आलेली? तिकडं निम्मी माणसं कानडी बोलतात. हा आपला उजवा हात पुढं करून खुणेनं दाखवत हिंडला. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून मोसंबीची पिशवी घेऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी तीच पिशवी माझ्या काउंटरवर ठेवली. "घावली न्हाय, शेट. ही पोरास्नी न्या. वाया कशाला?"

मी ती घरी नेली. मुलांनी खाल्ली. मीही खाल्ली. गोड होती.

त्यानंतर तो दारोदार हिंडून आपली मशीनं परत घेऊ लागला. बायका म्हणायच्या, अहो, चांगलं चाललंय, कशाला नेता? तो हात जोडायचा, पैसे ठेवायचा, मशीन उचलायचा. शेडमध्ये हातोड्यानं एकेक चेपली आणि मोडीत घातली. त्या पितळेचा आवाज मी रस्त्यावरून ऐकलाय. माझ्याकडं आला — नमुन्याचं तेवढं द्या, दुसऱ्या कुणाला लागाय नगो. मी म्हणालो, मोडलं मी ते केव्हाच. ते माझ्या घरी चुलीशेजारच्या फळीवर होतं.

"बरं केलंसा," तो म्हणाला. माझे आभार मानले त्यानं.

धंद्याचं म्हणाल तर मलाही काही लाभलं नाही. अफवेला पितळ आणि मुंबईचा चकचकाट यातला फरक कळत नाही. कुणी कसलंच मशीन घेईना. माझी उरलेली मशीनं वर्षानुवर्षं धूळ खात पडली. हिशेबी माणूस मी! असला सौदा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

तो मग शेतीपंपांचे सुटे भाग कातू लागला. दर तोच, एकच. नवं असं काही त्यानं पुन्हा केलं नाही. वाटेत भेटला की न चुकता विचारायचा, "त्या बाईचं काय कळलं का ओ?" एकदा वैतागून मी म्हणालो, बरी आहे, हात चालतो म्हणे. त्याचा चेहरा असा उजळला की मी घाबरलो. "मग न्या की मला एकदा तिच्याकडं," म्हणाला. पुढं कित्येक महिने मी उद्यमनगराच्या वाटेनं गेलो नाही.

ते पितळेचं मशीन अजून आमच्या घरात आहे. रबर दोनदा बदललं. रोज सकाळी शिट्टी होते. बायकोला वाटतं, मुंबईचं आहे. नवी सून आली तिलाही पहिल्याच दिवशी जमलं.

आणि अजूनही कधी कधी वाटतं, त्यानं दर थोडा सोडला असता तर? त्या दिवशी तोंड बंद ठेवलं असतं तर? वाटतं. वाटू दे. तो दर त्याचा होता आणि जीभ माझी होती.

गेल्या वर्षी तो वारला. मी मातीला गेलो. कब्रस्तानाच्या भिंतीशी उद्यमनगरातली माणसं उभी होती. त्यांतला एक जुना लेथवाला माझ्याजवळ सरकला.

"मिस्त्री म्हंजे सोन्याचा माणूस," तो म्हणाला. "पर त्ये बावड्याचं जे मनाला लागलं, त्ये शेवटपतोर गेलं न्हाय बघा. एका बाईचा हात गेला न्हवं का त्याच्या मशीननं. उजवा."

अफवेतला डोळा केव्हाच गळून गेला होता. माझा शब्द तेवढा होता तसा उरला होता.

"व्हय," मी म्हणालो. "उजवाच."